दरबार देवाचा, संसार लक्ष्मीबाईंचा

वर्धापनदिन साजरे करण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. मंडप पडतो, स्मरणिका निघते, जुन्या कार्यकर्त्यांना शाल-श्रीफळ मिळते, अध्यक्षांचे भाषण लांबते आणि शेवटी अल्पोपाहार होतो. संस्था हयात असली म्हणजे हे सारे शोभून दिसते. पण एखादी मंडळी पुरती दोन वर्षेही टिकली नसेल, तिची इमारत नसेल, घटना नसेल, खाते नसेल आणि आज तिचा एकही सभासद हयात नसेल, तर तिची शताब्दी कोणी आणि कशी साजरी करायची? १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' भरवला. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळीला नवा जीव यावा, या एका ध्यासाने ही मंडळी निघाली होती. २०१७ साली तिला शंभर वर्षे झाली. ते वर्ष तसे गाजावाजा न होताच सरले. पण त्या निमित्ताने मी टिळकांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले, ते अजून हातातून सुटलेले नाही. आज वाचकांसमोर तेच ठेवावे म्हणतो.

टिळक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोकमान्य उभे राहतात. त्यात गैर काही नाही. पण त्याच कोकणात, त्याच चित्पावन ब्राह्मणांच्या जातीत, लोकमान्यांपेक्षा पाचएक वर्षांनी लहान असलेला हा दुसरा टिळक जन्माला आला आणि त्याने आपल्या परीने असाच एक स्वराज्याचा हट्ट धरला. माझी त्यांच्याशी पहिली भेट शाळेच्या पुस्तकात झाली. बाण लागलेल्या पाखराची ती कविता वर्गात म्हणताना शेजारच्या बाकावरचा मुलगा रडला होता, एवढे मला अजून आठवते. कवीच्या नावामागे 'रेव्हरंड' का आहे, हे तेव्हा कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. फुलामुलांचे कवी एवढी ओळख परीक्षेला पुरत असे.

घर सोडलेला मुलगा

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगाव या खेड्यात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभावाने करडे आणि तापट. आई जानकीबाई भाविक, कवितेची गोडी असलेली. मुलाच्या कानांवर पहिले अभंग, पहिल्या ओव्या पडल्या त्या आईच्याच तोंडून. ती गेली तेव्हा नारायण अवघा अकरा वर्षांच्या आसपासचा होता. आई गेल्यावर त्या घरात त्याला धरून ठेवणारे काही उरले नाही. त्याने घर सोडले आणि नाशिक गाठले.

नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांच्या हाताखाली त्याचे संस्कृत झाले. माधुकरी मागून, लोकांच्या ओसरीवर झोपून विद्या मिळवण्याचा तो काळ होता. इंग्रजी शाळेतही तो थोडे शिकला, पण पदव्यांच्या मार्गाला कधी लागला नाही. त्याला खरी ओढ होती ती कवितेची, वक्तृत्वाची आणि आपल्या देशाचे काही भले व्हावे या विचाराची. हा देश पुन्हा उभा राहायचा असेल तर आधी धर्म शुद्ध झाला पाहिजे, असे त्याने तरुणपणीच मनाशी घेतले होते. पुढचे सारे आयुष्य त्या एका विचाराचा पाठलाग करण्यात गेले.

१८८० च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही मुलगी अकरा वर्षांची. सासरी येऊन तिची लक्ष्मी झाली. या लक्ष्मीबाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि टिळकांना मराठी वाचकाच्या घरात कायमचे बसवून दिले. टिळकांचे मोठेपण आणि टिळकांचा वेंधळेपणा, दोन्ही आपल्याला ठाऊक आहेत ते या बाईंमुळे. घरात तांदूळ नाही म्हणून पैसे देऊन बाजारात पाठवावे, तर स्वारी सुंदर दौत घेऊन परत यायची. एका जागी नोकरी लागावी, बस्तान बसावे, की एखाद्या दिवशी काही न सांगता उठून दुसऱ्या गावी जायची. मुरबाड, नाशिक, नागपूर, राजनांदगाव अशी ही वरात फिरत राहिली. मुले झाली आणि गेली. नवऱ्याने जे हातात असेल ते मागणाऱ्याला देऊन टाकावे आणि बायकोने उद्याची काळजी करावी, अशी त्या घरातली कामांची वाटणी होती.

नागपुरात मात्र काही काळ बरा गेला. आप्पासाहेब बुटींसारख्या श्रीमंत, जाणत्या गृहस्थांचा आश्रय मिळाला, वेदवाङ्मयाच्या कामात हात गुंतला, 'ऋषि' नावाचे धर्मचर्चेचे मासिक टिळकांनी चालवले. हिंदू धर्मातल्या मूर्तिपूजेविषयी, जातिभेदाविषयी त्यांच्या मनात शंका उठू लागल्या होत्या. स्वतःचा एक नवा धर्म काढावा, असेही त्यांच्या मनात येऊन गेले होते म्हणतात. पोट भरायची भ्रांत असलेला माणूस नवा धर्म काढायला निघतो, याचे हसू येते. पण टिळकांच्या स्वभावात ते बसते.

आगगाडीतला सहप्रवासी

१८९३ साली नोकरीच्या शोधात ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांनी या कवीशी आदराने बोलणे काढले, संस्कृत कवितेवर गप्पा झाल्या आणि उतरताना त्यांनी नव्या कराराची एक प्रत हातावर ठेवली. हे पुस्तक मनापासून वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही करून गेले. टिळकांनी ते काही मनावर घेतले नाही. पण पुस्तक दिले आहे तर वाचायचे, हा शब्द मात्र पाळला. वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच थांबले. शत्रूवर प्रेम करा, एका गालावर मारले तर दुसरा पुढे करा, ही शिकवण त्यांना परकी वाटली नाही. ज्या प्रश्नांची उत्तरे आपण शोधत होतो ती इथे आहेत, असे त्यांना वाटले.

पुढची दीड-दोन वर्षे मनाच्या ओढाताणीची गेली. मुंबईच्या ख्रिस्ती मंडळींशी पत्रव्यवहार सुरू झाला, तोही प्रथम आपले नाव न सांगता. बातमी फुटली तेव्हा लोकांनी टाकले, नोकरी गेली. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. गाडीतल्या त्या अनोळखी माणसाने सांगितलेली मुदत जवळजवळ तंतोतंत भरली होती.

या घटनेची एक बाजू चरित्रकार उत्साहाने सांगतात. दुसरी बाजू लक्ष्मीबाईंनी सांगितली आहे. नवरा जिवंत असून गेल्यासारखा झाला. लहानग्या दत्तूला पोटाशी धरून ही बाई पंढरपूर-नाशिक भागात नातेवाइकांच्या आधाराने राहिली. नवऱ्याची पत्रे येत, कधी कवितेतून येत. ती वाचून रडावे की फाडावी, हे कळत नसे. असे चार-साडेचार वर्षे चालले. टिळकांनी दुसरे लग्न केले नाही, तिच्यावर सक्तीही केली नाही. तिची वाट पाहिली. शेवटी ती आपणहून त्यांच्याकडे आली, ती मात्र आपले सोवळे सांभाळूनच. धर्म नवऱ्याने बदलला होता, तिने नाही.

मग एक दिवस तिच्याच मनात प्रश्न उभा राहिला, की ही माणसामाणसांतली शिवाशीव कोणी केली? देवाने तर माणूस केला. जाती त्याने केल्या असतील असे वाटत नाही. हा निष्कर्ष तिने कोणत्या पुस्तकातून काढला नाही. तो तिचा तिने काढला आणि काढल्यावर त्याच दिवसापासून पाळला. ज्यांच्या सावलीची भीती बाळगली त्यांच्या हातचे पाणी ती प्यायली. १९०० साली तिनेही बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या धर्मांतरापेक्षा लक्ष्मीबाईंचे हे मन पालटणे मला नेहमीच अधिक थोर वाटत आले आहे. टिळक विचारांच्या वाटेने गेले. या बाईला हाडीमाशी खिळलेली एक सवय उपटून काढावी लागली.

नगरचे दिवस

टिळकांचे पुढचे बहुतेक आयुष्य अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, शहरात आणि राहुरी भागात गेले. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले होते आणि १८३१ पासून नगरला होते. 'ज्ञानोदय' हे पत्र तिथूनच १८४२ साली निघाले. नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत टिळक शिकवू लागले. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. १८९९-१९०० च्या दुष्काळात आणि प्लेगच्या साथीत या नवराबायकोंनी जे काम केले, ज्या पोरक्या मुलांना घरात घेतले, त्याचा हिशोब कुठे मांडलेला नाही. 'स्मृतिचित्रे' वाचताना तो पानोपानी लागतो.

त्या घरात आणखी एक मूल येऊन राहिले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे त्याचे नाव. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या या पोराने सर्वांना थक्क केले आणि 'बालकवी' हे नाव मिळवले. टिळकांनी त्याला नगरला आणले. लक्ष्मीबाईंनी आणखी एक पोर पदरात घातल्यासारखे त्याला सांभाळले. ब्राह्मणाच्या मुलाने ख्रिस्त्याच्या घरी राहावे, म्हणून त्या काळी कुजबुज झालीच. पण त्या घरातून बालकवी ख्रिस्ती होऊन बाहेर पडले नाहीत, कवी होऊनच बाहेर पडले. टिळकांच्या धर्मनिष्ठेचा हाही एक दाखला आहे.

आता 'देवाचा दरबार' समजून घ्यायचा तर त्या वेळच्या ख्रिस्ती मंडळीची स्थिती ध्यानात घ्यायला हवी. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार-मांग वस्त्यांतले होते. शिक्षण, दवाखाना आणि माणूस म्हणून मान, या तीन गोष्टी मिशनने त्यांना दिल्या, हे कोणी नाकारू नये. पण शाळामास्तराचा, पाळकाचा पगार ज्या मिशनकडून येई, त्याची सूत्रे अमेरिकेतल्या बोस्टन शहरात होती. पगार जिथून येतो तिथेच निर्णय होतात. देवळात बसायला बाके आली, प्रार्थनेला इंग्रजी चाली आल्या आणि त्या चालीत बसवलेली मराठी गीते आली. शब्द मराठी, पण अक्षरांचे वजन आणि चालीचा ठेका जुळेना. खेड्यातली म्हातारी बाई रात्रभर भजनात डोलणारी. तिला रविवारी सकाळी ही गाणी तोंडात बसवताना किती कष्ट पडत असतील, याची कल्पना करावी.

टिळकांच्या आधी कृष्णराव सांगळ्यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी ती वाट रुंद केली. त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, पदे लिहिली, आरत्या लिहिल्या. तुकोबांच्या पुलावरून चालत आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. हे सांगणे नुसते लोकांना खूश करण्यासाठी नव्हते. त्यांची गीते वाचली की तो पूल दिसतो. देवाला माउली म्हणणे, त्याच्याशी भांडणे, रुसणे, आपल्या उणेपणाची लाज वाटणे, हे सारे वारकऱ्यांच्या घरचे आहे. त्या काळच्या मराठी गीतसंग्रहात सातशेच्या आसपास गीते होती, त्यांतली अडीचशेहून अधिक एकट्या टिळकांची! एका माणसाने एका समाजाच्या प्रार्थनेची भाषाच बदलून टाकावी, अशी उदाहरणे फार थोडी.

काही वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, ओळखीच्या कुटुंबाबरोबर, मी संध्याकाळच्या भजनाला बसलो होतो. पेटी, तबला आणि टाळ. म्हणणारा गृहस्थ दिवसा एसटीच्या कारखान्यात काम करणारा. त्याने एकामागून एक पाच पदे म्हटली, पुस्तक न उघडता. पाचांपैकी चार टिळकांची निघाली. त्यातले एक कोणाचे, असे मी मुद्दाम विचारले तेव्हा तो थोडा गोंधळला. हे आपले पूर्वीपासून चालत आलेले आहे, असे त्याचे उत्तर होते. कवीला याहून मोठा मान कोणता मिळणार, हे मला सांगता येणार नाही.

दरबार भरला

दुसऱ्याची भाषा टाकून आपली भाषा आणली, तरी टिळकांचे समाधान होईना. भाषा बदलली, पण सत्ता कुठे बदलली? लोकमान्य आणि बेझंटबाईंच्या होमरूल चळवळी १९१६ साली सुरू झाल्या होत्या. ख्रिस्ती समाजातही वारे फिरू लागले होते. १९०५ साली भारतीय ख्रिस्ती लोकांनी आपल्याच पैशाने, आपल्याच माणसांकडून धर्मप्रचार करण्यासाठी नॅशनल मिशनरी सोसायटी काढली होती. त्याच साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात प्रार्थनेची एक विलक्षण लाट उसळली होती. १९१२ साली अझरायांच्या रूपाने पहिला भारतीय माणूस अँग्लिकन बिशप झाला. मंडळीला जाग आली पाहिजे, असे अनेकांना वाटत होते. ती जाग कशाने येईल, याविषयी प्रत्येकाचे उत्तर निराळे होते.

टिळकांचे उत्तर त्यांच्या वयाच्या छपन्नाव्या वर्षी आले. १९१७ साली त्यांनी मिशनची बांधिलकी सोडली, म्हणजे पगारावर पाणी सोडले, आणि संन्यास घेतला. ख्रिस्ती पाळकाने संन्यास घ्यावा ही गोष्ट दोन्हीकडच्या लोकांना चमत्कारिक वाटली असणार. बावीस वर्षांपूर्वी हिंदूंनी त्यांना आपल्यातून गेलेला म्हटले होते. आता काही ख्रिस्ती माणसांना ते परत चालले की काय, अशी शंका आली. टिळक साताऱ्याला गेले आणि तिथे 'देवाचा दरबार' उभा राहिला.

हा दरबार म्हणजे नवा पंथ नव्हता. ख्रिस्ताचे जे शिष्य आहेत, मग त्यांचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, त्या सर्वांचा एक बंधुवर्ग, अशी ती कल्पना होती. तिची धार आज एकदम लक्षात येत नाही. बाप्तिस्मा न घेतलेला माणूसही ख्रिस्ताचा शिष्य असू शकतो आणि तो माझ्या शेजारी बरोबरीने बसेल, हे म्हणणे म्हणजे मंडळीच्या दारावरची कडीच काढण्यासारखे होते. बाप्तिस्मा घेतला की घर सुटते, जात सुटते, बायको-मुले सुटतात, हे टिळकांनी स्वतः सोसले होते. ज्याचे मन आले आहे पण ज्याला घर तोडवत नाही, अशा माणसाला दाराबाहेर उभे करणे त्यांना मान्य नव्हते. माझ्या समजुतीने दरबाराचे मूळ धर्मशास्त्रापेक्षा त्या चार-साडेचार वर्षांच्या विरहात आहे.

दुसरे असे, की दरबारात गोरा-काळा, साहेब-नोकर, ब्राह्मण-महार असा भेद चालायचा नव्हता. राजा एक, तो देव. बाकीचे सारे एकाच बिछायतीवर बसणारे. दरबार हा शब्दही मोठा विचार करून निवडलेला दिसतो. जो शब्द सरदारांच्या आणि साहेबांच्या थाटाचा, तो टिळकांनी उचलला आणि छत्रपतींच्या गादीच्या गावात एका फकिराच्या बैठकीला दिला. भजन, चिंतन, सेवा आणि परकीय पैशाचा आधार न घेता राहणे, एवढीच त्याची सामग्री होती.

या साऱ्याची झळ घराला लागलीच. संन्यास घेणाऱ्याच्या बायकोने काय करायचे, याचे उत्तर कोणत्याच धर्माच्या पुस्तकात नीटसे दिलेले नाही. बुद्धाच्या यशोधरेपासून हा प्रश्न तसाच पडून आहे. लक्ष्मीबाई मात्र गप्प राहून सोसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या भांडत, टोमणे मारत, हसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवत. टिळकांचे भव्य विचार ज्या जमिनीवर उभे होते ती जमीन या बाईने सारवलेली होती. दरबाराची शताब्दी साजरी करायची तर पहिली शाल त्यांना द्यावी लागेल.

दीप विझला, पण...

दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. १९१८ च्या मे महिन्यात बालकवी रेल्वेखाली सापडून गेले. वय अवघे सत्तावीस. त्याच साली इन्फ्लुएंझाच्या साथीने घरेच्या घरे रिकामी केली. टिळकांची प्रकृती ढासळत होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. आपल्या देहाचे दफन न करता दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे झाले आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. आपल्या नावामागे रेव्हरंड किंवा मिस्टर असले काही लावू नये, असेही त्यांनी सांगून ठेवले होते. शेवटपर्यंत हा माणूस एकच गोष्ट सांगत होता: मी ख्रिस्ताचा आहे आणि मी इथला आहे, या दोहोंत निवड करायला मला लावू नका.

दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. एका माणसाच्या तेजावर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबर जाते, हा आपल्याकडचा नेहमीचाच अनुभव. नियम ठरले नव्हते, वारस ठरला नव्हता आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांना सामावून घेण्याची कल्पना पेलण्याइतकी छाती त्या वेळच्या मंडळीजवळ नव्हती. हिंदूंना ती धर्मांतराची नवी युक्ती वाटली, ख्रिस्ती लोकांना ती ढिलाई वाटली. मधल्या जागेत उभ्या राहणाऱ्यावर दोन्हीकडून दगड पडतात.

मग साजरे काय करायचे? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, टिळकांचा मित्र जॅक विन्स्लो याने त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन १९२२ साली नगरला ख्रिस्त सेवा संघ काढला. हा संघ पुढे पुण्यात आला. इंग्रज आणि भारतीय माणसे तिथे एका पंगतीला, जमिनीवर बसून, देशी पोशाखात राहिली. विन्स्लोने १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले. दरबाराची ठिणगी अशी दुसऱ्या चुलीत गेली. पुढे १९७० साली नागपुरात अनेक पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले आणि कारभार भारतीयांच्या हाती आला. ते टिळकांमुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण परक्या पंथांची परकी भांडणे आपण का चालवायची, हा प्रश्न विचारणाऱ्या पहिल्या थोड्या माणसांत टिळक होते.

दुसरी गोष्ट, 'ख्रिस्तायन'. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध लिहायला टिळकांनी घेतले आणि दहा-साडेदहा अध्यायांवर ते थांबले. पुढचे कोणी लिहिले? जिला लग्नाच्या वेळी अक्षरओळखही नव्हती, जोडाक्षरांशी जिचे जन्मभर वैर राहिले, त्या लक्ष्मीबाईंनी. साठाहून अधिक अध्याय त्यांनी रचले. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. नवऱ्याच्या धर्मामुळे जिचा संसार मोडला तिनेच नवऱ्याच्या धर्माचे महाकाव्य पुरे केले, ही कथा कोणत्याही कादंबरीकाराने रचली असती तर आपण ती अतिरंजित म्हटली असती.

आणि तिसरी गोष्ट ती गीतेच. दर रविवारी नगर, सोलापूर, सातारा, मुंबईच्या देवळांत ती म्हटली जातात. लग्नात म्हटली जातात, प्रेतापाशी म्हटली जातात. ज्यांना दरबाराचे नावही माहीत नाही, त्यांच्या ओठांवर दरबाराची भाषा आहे.

शंभर वर्षांनंतर टिळकांचा प्रश्न जुना झालेला नाही, उलट अधिक टोकदार झाला आहे. माणसाचा धर्म आणि माणसाची माती यांचे नाते काय? ज्याने देव बदलला त्याने भाषाही टाकली, देशही टाकला, असे समजायचे का? एका बाजूला असे समजणारे लोक वाढत आहेत. दुसऱ्या बाजूला आपल्या कुंपणात कोणी पाऊल टाकू नये म्हणून दक्ष असणारेही कमी नाहीत. या दोघांच्या मध्ये टिळकांनी एक बिछायत अंथरली आणि सांगितले की इथे या, बसा, नाव-गाव मग विचारू. ती बिछायत दोन वर्षांत गुंडाळली गेली, हे खरे. पण ती अंथरता येते, एवढे मराठी माणसाने एकदा पाहिले आहे.

पुढच्या पिढीतल्या कोणाला पुन्हा ती अंथरावीशी वाटली, तर त्याने आधी टिळकांचे अभंग वाचावेत आणि मग 'स्मृतिचित्रे' वाचावीत. अभंगांतून दरबार कशासाठी भरवायचा ते कळेल. दरबार भरला असताना घरात तांदूळ आहेत की नाहीत, हे कोणीतरी पाहावे लागते, ते लक्ष्मीबाई सांगतील.